अडीचशे रुपयांचा पॉट आणि तुमच्या दुकानाची पत



आज थेट मुद्द्यावर येते. बेस गिटारचा झिजलेला व्हॉल्यूम पॉट बदलणं हे आमच्या धंद्यातलं अगदी छोटं काम. भाग हाताच्या अंगठ्याएवढा, तीन-चार वायरी, तासाभराचा खेळ. पण माझं ठाम मत आहे की दुरुस्तीचं दुकान टिकणार की बंद पडणार, हे अशाच कामांवरून ठरतं. मोठ्या कामात सगळेच जीव ओततात. छोट्या कामात तुम्ही काय करता, त्यावरून ग्राहक तुमची किंमत करतो.

काही जण म्हणतील, "ताई, आमचं तर मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे" किंवा "मला शिलाई मशीनच्या सर्व्हिसिंगचं काम सुरू करायचंय, बेस गिटारशी माझा काय संबंध?" संबंध आहे. तुमच्याकडेही असा एक स्वस्त भाग असणारच, जो झिजतो, ज्याच्यावर जुगाड चालतो आणि ज्याचे पैसे मागायला तुम्हाला लाज वाटते. माझ्याकडे तो भाग म्हणजे पॉट. त्याच्यावरून सगळा हिशेब मांडून दाखवते, तुम्ही तो आपापल्या धंद्याला लावून बघा.

पॉट म्हणजे काय आणि तो झिजतो कसा

पॉट म्हणजे पोटेन्शिओमीटर. जुने रेडिओ मेकॅनिक त्याला नुसतं "कंट्रोल" म्हणायचे. बेस गिटारवर जो गोल नॉब तुम्ही फिरवता, त्याच्या खाली हा बसलेला असतो. आत कार्बनचा एक अर्धगोल पट्टा असतो आणि त्यावरून धातूचा एक छोटा पत्रा सरकतो. त्या पत्र्याला वायपर म्हणतात. बाहेर तीन पाय असतात. दोन कडेचे पाय पट्ट्याच्या दोन टोकांना, मधला पाय वायपरला. नॉब फिरवला की वायपर सरकतो, रेझिस्टन्स बदलतो आणि आवाज कमी-जास्त होतो.

म्हणजे हा सतत घासला जाणारा भाग आहे. रिक्षाचा ब्रेक लायनर जसा झिजण्यासाठीच असतो, तसंच हे. वर्षानुवर्षं एकाच जागी वायपर पुढे-मागे होतो आणि तिथला कार्बन उडतो. मग नॉब फिरवताना खरखर ऐकू येते, मध्येच आवाज गायब होतो, किंवा ठरावीक जागी नॉब आला की आवाज एकदम चढतो.

फेंडर कंपनीची प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आली आणि जॅझ बेस १९६० मध्ये. आज बाजारात मिळणाऱ्या कितीतरी बेस याच दोन नमुन्यांवर बेतलेल्या असतात. प्रिसिजनला एक व्हॉल्यूम, एक टोन. जॅझ बेसच्या नेहमीच्या मांडणीत दोन पिकअपचे दोन व्हॉल्यूम आणि एक टोन, म्हणजे तीन पॉट. जॅझ बेस वाजवणारा माणूस दोन्ही व्हॉल्यूम सतत हलवून आवाजाचा पोत बदलत असतो, म्हणून तिथे झीज जास्त. त्यात आपली हवा. मुंबई, कोकण, गोवा, जिथे जिथे पावसाळ्यात दमट हवा आणि खारं वारं आहे, तिथे धातूच्या भागांवर थर चढतो आणि खरखर आणखी लवकर सुरू होते.

आता यात एवढं काय, असं वाटेल. पण बेस वाजवणारा तुमचा ग्राहक कोण आहे ते बघा. ऑर्केस्ट्रात वाजवणारा, लग्नाच्या रिसेप्शनला वाजवणारा, चर्चमध्ये वाजवणारा, गोव्यात हॉटेलात रोज रात्री बँडबरोबर उभा राहणारा. बहुतेकांकडे बेस एकच असते. गाणं रंगात आलंय आणि बेस बंद पडली, तर प्रेक्षकाला काय झालं ते कळत नाही, पण गाणं पोकळ झालेलं सगळ्यांना जाणवतं. आयोजक पुढच्या वेळी दुसऱ्याला फोन करतो. पॉट अडीचशेचा असेल, पण त्यावर त्या माणसाचं पोट आहे. हे विसरायचं नाही.

स्प्रे मारून पाठवणं सोपं आहे, पण तोट्याचं आहे

खरखरणारा पॉट आला की बहुतेक दुकानांत काय होतं? मागचं झाकण उघडायचं, स्प्रे मारायचा, नॉब वीस वेळा गरागरा फिरवायचा, "झालं बघा" म्हणायचं आणि दोनशे रुपये घ्यायचे. खरखर जाते. ग्राहक खूश, दुकानदार खूश.

माझा स्प्रेला विरोध नाही. चांगला कॉन्टॅक्ट क्लीनर माझ्या टेबलावर कायम असतो. पण तो मी निदानासाठी वापरते. खरखर धुळीमुळे किंवा धातूवर चढलेल्या थरामुळे असेल, तर क्लीनरने ती खरंच जाते आणि जाऊन राहते. मग पॉट बदलायची गरजच नाही, तसं सांगायचं आणि साफसफाईचेच पैसे घ्यायचे. पण कार्बनच उडाला असेल, तर कुठलाही स्प्रे तो परत आणून देत नाही. काही दिवस बरं वाटतं आणि मग पहिल्यासारखंच.

आणि कडी-कोयंड्याला, गंजलेल्या नटबोल्टला मारायचा स्प्रे पॉटमध्ये मारू नका. तो त्या कामासाठी नसतो. आत तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते. इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा, प्लास्टिकला न खाणारा क्लीनर घ्या. तो पेट घेऊ शकतो, म्हणून मारताना सोल्डरिंग आयर्न बंद ठेवा.

आता धंद्याचा हिशेब. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा तुमच्या दुकानाचं भाडं, वीज, फोन आणि तुमचा स्वतःचा पगार मिळून महिन्याला ३९,००० रुपये लागतात. महिन्यात प्रत्यक्ष कामाचे तास १३० मिळतात. बाकीचा वेळ बोलण्यात, सामान आणण्यात, वाट बघण्यात जातो. म्हणजे तुमच्या एका तासाची किंमत ३०० रुपये.

स्प्रेचं काम अर्ध्या तासाचं, म्हणजे १५० रुपये. स्प्रे २० रुपयांचा गेला. ग्राहकाकडून २०० घेतले. उरले ३०. आता तोच ग्राहक दोन महिन्यांनी परत आला. "ताई, परत खरखरतंय." त्याच्याकडून पुन्हा पैसे मागता येत नाहीत. पुन्हा १७० रुपये खर्च. तो आणखी एकदा आला की पुन्हा १७०. म्हणजे ३० रुपये कमावले आणि ३४० घालवले. शिवाय तो माणूस चार जणांना सांगतो, "तिथे जाऊ नको, तात्पुरतं करून देतात." हा तोटा कुठल्याच वहीत दिसत नाही, म्हणून जास्त धोक्याचा.

काही जण म्हणतात की ग्राहक परत परत आला पाहिजे, तरच धंदा चालतो. मला हे मान्य नाही. ग्राहक परत यावा, पण नवीन काम घेऊन. तेच काम घेऊन आला, तर तो ग्राहक नाही, तक्रारदार आहे.

आधी निदान, मग पाना हातात घ्या

दुसरं टोकही वाईट. ग्राहक म्हणाला "पॉट गेलाय" आणि आपण लगेच पॉट बदलला. बरेचदा चोर वेगळाच असतो. मी कुठलीही बेस आली की हाच क्रम ठेवते:

१. नॉबला हात न लावता केबल हलवून बघा. तेवढ्यानेच खरखर आली, तर दोष केबलमध्ये किंवा जॅकमध्ये आहे. जॅकमधली पातळ पट्टी वाकलेली असते, ती नीट केली की काम होतं.

२. नॉब धरून हलवा. अख्खा पॉटच गोल फिरतोय का? मग नट सैल आहे. सैल नटमुळे आतल्या वायरी पिळवटतात आणि तुटतात. कधी नुसता नट आवळून, एक वायर पुन्हा सोल्डर करून भागतं.

३. ड्राय सोल्डर बघा. जॉइंट करडा, दाणेदार किंवा भेगाळलेला दिसला, तर आधी तो पुन्हा करा.

४. बेस अ‍ॅक्टिव्ह आहे का? म्हणजे आत ९ व्होल्टची बॅटरी आणि छोटं सर्किट आहे का? असेल तर पहिल्यांदा बॅटरी बदला. मग मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून व्हॉल्यूम पॉटवर मोजा. तिथे डीसी यायला नको. येत असेल, तर सर्किटमधला कपॅसिटर गळतोय आणि खरखर त्याच्यामुळे आहे. अशा ठिकाणी कितीही नवे पॉट टाका, नवा पॉटसुद्धा खरखरणारच.

५. आता पॉट मोजा. कडेच्या दोन पायांमध्ये मोजून "बरोबर येतंय, पॉट चांगला आहे" असं म्हणून सोडू नका. झीज तिथे दिसत नाही. मधला पाय आणि कडेचा एक पाय यांच्यात मोजा आणि शाफ्ट अगदी हळू फिरवा. आकडा सलग बदलत गेला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा मीटरने सर्किट तुटल्याचं दाखवलं, तर तिथे पट्टा गेलाय. काट्याचं जुनं मीटर असेल तर आणखी चांगलं, काटा कुठे झटका खातो ते डोळ्यांना लगेच दिसतं. मोजण्याआधी त्या पायांच्या वायरी सोडवा. नाहीतर पिकअपचा रेझिस्टन्स मध्ये येतो आणि आकडा चुकीचा दिसतो.

या सगळ्याला वीस मिनिटं लागतात. या वीस मिनिटांचे पैसे घ्या. डॉक्टर तपासणी फी घेतात, तेव्हा आपण वाद घालत नाही ना? मी तपासणीचा दर पाटीवर लिहून ठेवलाय आणि काम माझ्याकडे केलं, तर तो बिलात वळता करते. पाटी लावल्यापासून त्यावर वाद झालेला मला आठवत नाही. वाद न सांगितलेल्या पैशांवर होतो.

भाग निवडताना चार प्रश्न विचारा

पुण्यात तापकीर गल्ली आहे, मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे. तिथे पॉट ढिगाने मिळतात. पण दुकानात जाऊन "व्हॉल्यूमचा पॉट द्या" म्हणालात, तर अ‍ॅम्प्लिफायरचा १०० केचा पॉट हातात पडेल आणि तो तुमच्या कामाचा नसेल. म्हणून चार गोष्टी जुन्या पॉटवर बघून, मोजून, कागदावर लिहून न्या.

पहिली, व्हॅल्यू. पॅसिव्ह प्रिसिजन आणि जॅझ बेसमध्ये साधारणपणे २५० के. हमबकर पिकअप असेल तर बरेचदा ५०० के. अ‍ॅक्टिव्ह पिकअपला बहुधा २५ के. २५०च्या जागी ५०० टाकला, तर आवाज थोडा जास्त चिरका, उघडा लागतो. पॅसिव्ह बेसला २५ केचा टाकला, तर आवाज तोंडावर उशी दाबल्यासारखा येतो. आणि हो, पॉटमध्ये वीस टक्के कमी-जास्त चालतं, असं बनवणारेच धरतात. २५० के लिहिलेला पॉट २०० ते ३०० मध्ये कुठेही येऊ शकतो. म्हणून जॅझ बेसचे दोन व्हॉल्यूम पॉट घेताना मीटरने मोजून जवळजवळ सारखी जोडी निवडा. दोन मिनिटांचं काम आहे, पण वादकाला फरक कळतो.

दुसरी, टेपर. पॉटवर "ए" असेल तर ऑडिओ टेपर, "बी" असेल तर लिनिअर, अशी आशियात बनणाऱ्या पॉटवर सर्वसाधारण खूण असते. बेसच्या व्हॉल्यूमला मी "ए" घेते. आपला कान आवाजाची वाढ सरळ रेषेत ऐकत नाही. "बी" टाकला, तर नॉब अर्ध्यावर आणला तरी आवाज फारसा उतरल्यासारखा वाटत नाही आणि शेवटच्या टप्प्यात धाडकन पडतो.

तिसरी, शाफ्ट. दातेरी आणि चिरलेला आहे की गुळगुळीत भरीव? जाडी ६ मिलिमीटर की पाव इंच, म्हणजे ६.३५? हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण जुना नॉब नव्या शाफ्टवर बसत नाही आणि ग्राहकाला तोच नॉब हवा असतो.

चौथी, भोक आणि आकार. अमेरिकन पद्धतीच्या मोठ्या पॉटला ३/८ इंचाचं, म्हणजे साधारण ९.५ मिलिमीटरचं भोक लागतं. स्वस्त बेसमध्ये लहान पॉट असतात आणि त्यांचं भोकही लहान असतं. अशा ठिकाणी मोठा पॉट बसवायचा तर भोक वाढवावं लागतं. ग्राहकाला न विचारता ड्रिल लावायचं नाही. आणि बेस जुनी, मौल्यवान असेल, तर तो विचारसुद्धा करायचा नाही.

दोन-तीन प्रकारचे चांगले पॉट प्रत्येकी पाच-सहा नग घेऊन ठेवा. एकदम शंभर नग स्वस्त मिळतात म्हणून उचलू नका. भांडवल डब्यात पडून राहतं.

काम करताना

सोल्डरिंगचा व्हिडिओ चॅनेलवर आहे, त्यामुळे इथे थोडक्यात. उघडल्यावर सगळ्यात आधी फोटो काढा. नॉब स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, खाली कापड सरकवून वर ओढा. लाकडाला चरा पडला, तर अडीचशेचं काम पाच हजाराला पडेल. पॉटच्या पाठीवर अर्थची वायर सोल्डर करायची असते, ती जागा आधी बारीक पॉलिश पेपरने घासा. आयर्न दमदार हवं. कमजोर आयर्न बराच वेळ टेकवून ठेवलं, तर उष्णता आत जाऊन नवा पॉटच बिघडतो.

जॅझ बेसमध्ये एक गोष्ट आवर्जून बघा. तिथे पिकअपची वायर व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या पायाला असते आणि आउटपुट कडेच्या पायावरून निघतं. प्रिसिजनसारखं उलटं जोडलंत, तर बेस वाजेल, पण एक व्हॉल्यूम शून्यावर नेला की दोन्ही पिकअप बंद. दुकानात हे लक्षात येत नाही, स्टेजवर येतं. तसंच ब्रिजकडून येणारी अर्थची वायर परत जोडायला विसरू नका. ती राहिली की नुसती भणभण ऐकू येते.

काम झाल्यावर प्रत्येक नॉब शून्यापासून शेवटापर्यंत अ‍ॅम्पवर तपासा आणि ग्राहकाला स्वतः वाजवून बघू द्या. त्याच्या बोटांनी "ठीक आहे" म्हटलं की मगच बिल.

दर सांगताना नजर खाली घालू नका

आता मुख्य मुद्दा. तीन पॉट बदलायचे. पुन्हा धरलेले आकडे: चांगला पॉट २५० रुपये, तीनचे ७५०. सोल्डर, वायर वगैरे ५०. दीड तासाचे ४५०. हमीच्या काळात एखादं काम परत आलं तर त्यासाठी बाजूला १००. झाले १,३५०. त्यावर वीस टक्के नफा, २७० रुपये. एकूण १,६२०.

एकच पॉट बदलायचा असेल तर २५०, किरकोळ २०, एक तासाचे ३००, हमीसाठी ५०. झाले ६२०. नफा धरून साधारण ७५०.

ग्राहक म्हणणार, "अहो ताई, पॉट तर ऑनलाइन अडीचशेला दिसतोय. साडेसातशे कसले?" इथे नवीन माणूस गडबडतो आणि म्हणतो, "बरं, चारशे द्या." म्हणजे ६२० रुपयांचं काम ४०० ला. खिशातून २२० गेले आणि वर ग्राहकाला वाटलं की आधी फसवत होते. एका वाक्यात दोन्हीकडून नुकसान.

मी काय सांगते? "दादा, पॉट अडीचशेचाच आहे, बिलात तेवढाच लावलाय. बाकीचे पैसे दोष नेमका कुठे आहे ते शोधण्याचे, बसवण्याचे आणि सहा महिन्यांच्या लेखी हमीचे." बिलात तीन ओळी वेगळ्या लिहिते: भाग, मजुरी, हमी. भागाची किंमत लपवून मजुरी त्यात घुसवू नका. हल्ली ग्राहकाच्या हातात मोबाइल असतो, तो तिथेच किंमत शोधतो. भागाची किंमत खरी निघाली की मजुरीवरही त्याचा विश्वास बसतो.

आणि तरीही तो म्हणाला, "मी घरीच करतो"? करू द्या. मी तर चार गोष्टी सांगूनही टाकते, कुठला पॉट घ्यायचा तेही लिहून देते. ज्याला जमतं तो खूश होऊन मित्रांना पाठवतो. ज्याला जमत नाही तो महिनाभराने पिशवीत सुट्या वायरी घेऊन येतो आणि तेव्हा दरावर बोलत नाही. ज्ञान दडवून धंदा वाढत नाही, हे माझं पहिल्यापासूनचं मत आहे.

एक पॉट गेला असेल, तर तिन्ही बदलायला लावायचे का? माझं उत्तर असं: उघडलंच आहे तर तिन्ही मोजा, आकडे ग्राहकाला दाखवा आणि सांगा, "हे दोन चांगले आहेत, अजून चालतील. आत्ता बदलले तर मजुरी वाचेल, पण घाई नाही." निर्णय त्याचा. घाबरवून विकलेला पॉट एकदाच विकला जातो.

तातडीचं काम वेगळं असतं. संध्याकाळी सातचा कार्यक्रम आणि माणूस पाच वाजता दारात. अशा वेळी योग्य पॉट हाताशी नसेल, तर पॅसिव्ह बेसमध्ये खराब व्हॉल्यूम पॉट बाजूला ठेवून पिकअप थेट जॅकला जोडता येतो. आवाज पूर्ण राहतो, कमी-जास्त अ‍ॅम्पवरून करायचा. पण बिलावर "तात्पुरतं" असं लिहून द्या आणि पक्क्या कामाची तारीख तिथेच ठरवा. तात्पुरत्या कामात काहीच गैर नाही. तात्पुरतं काम पक्कं म्हणून विकणं गैर आहे.

जुना पॉट ग्राहकाचा आहे

काढलेला भाग ग्राहकाला परत द्या. छोट्या पुडीत, वर चिठ्ठी लावून: कुठला पॉट, काय दोष. यामागे दोन कारणं आहेत. एक, भाग खरंच बदलला याचा तो पुरावा. गॅरेजमध्ये गाडी टाकल्यावर आपल्याला जी शंका येते, ती तुमच्या ग्राहकाला येऊ देऊ नका.

दुसरं कारण पैशाचं आहे, पण ग्राहकाच्या. जुन्या अमेरिकन बेसच्या पॉटवर आकडे ठोकलेले असतात. १३७ ने सुरुवात असेल तर तो सीटीएसचा, ३०४ असेल तर स्टॅकपोलचा. पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात. १३७६६३३ म्हणजे सीटीएस, १९६६ चा तेहतिसावा आठवडा. जुन्या वाद्यांच्या बाजारात बेसचं वय ठरवताना हे आकडे बघतात आणि मूळ भाग सोबत असले तर किंमत वाढते. कुणाच्या वडिलांनी किंवा काकांनी बोटीवर नोकरी करताना परदेशातून आणलेली बेस असू शकते. तो पॉट भंगारात टाकणं म्हणजे ग्राहकाचे पैसे भंगारात टाकणं. अशा बेसमध्ये तर मी आधी विचारते की बदलायचा का, की साफ करून जेवढा चालेल तेवढा चालवायचा.

वही ठेवा

शेवटचा मुद्दा, आणि हा माझ्यातल्या बीबीएवाल्या मुलीचा आहे. प्रत्येक कामाची एक ओळ लिहा: तारीख, ग्राहक, बेसचा प्रकार, दोष कुठे निघाला, कुठला पॉट टाकला, हमी कधीपर्यंत. अ‍ॅप नको, शंभर पानी वही पुरे.

वर्षभराने ही वही तुम्हाला सांगेल की कुठला पॉट जास्त लागतो, म्हणजे खरेदी नेमकी होईल. कुठल्या पुरवठादाराचे पॉट परत आले, तेही कळेल. आणि गणपतीच्या आधी, श्रावणातच, त्या यादीतल्या प्रत्येकाला तुम्ही मेसेज टाकू शकाल: "सीझन सुरू होतोय, बेस एकदा तपासून घ्या." जाहिरातीला एक रुपया न घालता मिळणारं हे काम आहे. नवरात्र, लग्नसराई, नाताळ, प्रत्येक सीझनच्या आधी हेच करा.

नवी वाद्यं विकणाऱ्या छोट्या दुकानदाराला ऑनलाइन दराशी झगडावं लागतं, हे आपण सगळे बघतोय. पण झिजलेला पॉट ओळखणारा हात कुरिअरने मागवता येत नाही. आपली खरी कमाई तिथे आहे.

आता या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या धंद्यातला "पॉट" शोधा. असा एक स्वस्त भाग, ज्यावर सध्या तुम्ही स्प्रे मारून वेळ मारून नेता. त्याचं तपासणीपासून हमीपर्यंतचं कॉस्टिंग कागदावर मांडा. तुमच्या एका तासाची किंमत काढा. मग दर ठरवा आणि पाटीवर लिहा. आकडा लिहिताना हात थरथरला, तर कॉस्टिंग पुन्हा तपासा. बरोबर असेल, तर पाटी तशीच राहू द्या.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत काम चोख आणि बिल स्पष्ट!